एकच तारीख, दोन दिवस

दरवर्षी एप्रिलचा तिसरा आठवडा उलटला की आमच्या संपादकीय कार्यालयाकडे एका ठरावीक मजकुराची पत्रे येऊ लागतात. पूर्वी ती पोस्टाने येत; आता भ्रमणध्वनीवर येतात. मजकूर साधारण असा असतो : इंग्लंडचा महाकवी विल्यम शेक्सपिअर आणि स्पेनचा थोर कादंबरीकार मिगेल दे सर्व्हांतेस हे दोघेही एकाच दिवशी, म्हणजे २३ एप्रिल १६१६ रोजी, हे जग सोडून गेले, हा केवढा विलक्षण योगायोग! जागतिक ग्रंथदिनाच्या निमित्ताने ही माहिती वाचकांपर्यंत अवश्य पोहोचवावी, अशी विनंतीही शेवटी जोडलेली असते. मागे एकदा एका धर्मग्रामाच्या युवक मंडळाने प्रश्नमंजूषेत हाच प्रश्न घातला. उत्तरावरून दोन गटांत वाद झाला आणि निवाड्यासाठी तो आमच्याकडे आला.

निवाडा एका ओळीत देता येतो : तारीख एक होती, दिवस एक नव्हता. परंतु एवढ्यावर कुणाचे समाधान होत नाही, आणि ते होऊही नये. ह्या एका ओळीमागे ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण उभे आहे. त्याचे धागे रोमपासून थेट आपल्या वसईच्या किल्ल्यापर्यंत आणि माहीमच्या खाडीपर्यंत येऊन पोहोचतात. म्हणून ते जरा सविस्तर सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शेक्सपिअरविषयी. त्याचे निधन स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन ह्या त्याच्या गावी झाले. तेथील पवित्र त्रैक्याच्या चर्चमध्ये त्याचे स्मारक आहे आणि त्यावर १६१६ सालच्या २३ एप्रिल ह्या मृत्युदिनाची नोंद कोरलेली आहे. त्याच चर्चच्या नोंदवहीत त्याच्या दफनाची तारीख २५ एप्रिल अशी आहे. त्याचा जन्मही २३ एप्रिललाच झाला, असे पुष्कळदा सांगण्यात येते. परंतु त्याच्या जन्माची नोंद कोठेही नाही. नोंद आहे ती बाप्तिस्म्याची, २६ एप्रिल १५६४ ह्या तारखेची. तेवढ्यावरून मागे तीन दिवस मोजून पुढच्या लोकांनी त्याचा जन्मदिन ठरविला. २३ एप्रिल हा इंग्लंडचा आश्रयदाता संत जॉर्ज ह्याच्या सणाचा दिवस असल्यामुळे तो सर्वांना रुचलाही. थोर माणसांच्या चरित्रांत अशी जुळवाजुळव करण्याचा मोह सर्वच देशांतील लोकांना होत असतो.

सर्व्हांतेसची कथा अधिक हृदयस्पर्शी आहे, आणि ती आपल्या वाचकांना जवळची वाटेल. ७ ऑक्टोबर १५७१ रोजी लेपांटोच्या आरमारी युद्धात तो लढला. ह्याच विजयाच्या स्मरणार्थ पोप पायस पाचवे ह्यांनी जो सण सुरू केला, तो आज आपण पवित्र जपमाळेच्या राज्ञीचा सण म्हणून साजरा करतो. त्या युद्धात झालेल्या जखमांनी सर्व्हांतेसचा डावा हात कायमचा निकामी झाला. पुढे १५७५ मध्ये मायदेशी परतताना त्याला चाच्यांनी पकडले आणि अल्जीअर्स येथे त्याने पाच वर्षे बंदिवासात काढली. बंदिवानांची खंडणी भरून त्यांना सोडविणे हे त्रैक्य संघाच्या, म्हणजे त्रिनितेरियन धर्मबंधूंच्या, सेवेचे अंग होते. त्यांनीच १५८० मध्ये त्याची सुटका केली. ‘डॉन किहोते’चा पहिला भाग १६०५ मध्ये आणि दुसरा १६१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरा भाग निघाला तेव्हा त्याच्या आयुष्याचे काही महिनेच उरले होते.

१६१६ च्या एप्रिलमध्ये तो माद्रिदमध्ये अंथरुणाला खिळलेला होता. २ एप्रिल रोजी, पवित्र शनिवारी, त्याने संत फ्रान्सिसच्या तृतीय संघाचे व्रत घेतले. १८ एप्रिल रोजी त्याला अंत्याभ्यंग देण्यात आला. दुसऱ्या दिवशी, १९ एप्रिलला, त्याने आपल्या शेवटच्या कादंबरीची अर्पणपत्रिका लिहिली. अंत्याभ्यंग झाल्यावर दुसऱ्या दिवशी अर्पणपत्रिका लिहिणारा लेखक! आमच्यासारख्या, दर महिन्याला मजकूर उशिरा पाठवणाऱ्या लेखकांची वाट पाहत बसणाऱ्या संपादकाला ह्या गोष्टीचे विशेष अप्रूप वाटते. शुक्रवार, २२ एप्रिल रोजी त्याने देह ठेवला. शनिवार, २३ एप्रिल रोजी संत फ्रान्सिसच्या संघाचा पोशाख अंगावर घातलेल्या त्याच्या पार्थिवास त्रैक्य संघाच्या भगिनींच्या मठात मूठमाती देण्यात आली. ज्या संघाने त्याला गुलामगिरीतून सोडविले, त्याच संघाच्या आश्रयाला तो शेवटी गेला. पुढे त्याची नेमकी कबर विस्मृतीत गेली. २०१५ मध्ये त्या मठाच्या तळघरात उत्खनन झाले आणि इतर अस्थींत मिसळलेले त्याचे अवशेष सापडल्याचे संशोधकांनी जाहीर केले.

मग २३ एप्रिल ही तारीख त्याच्या नावावर कशी लागली? माद्रिदच्या संत सेबास्तियन धर्मग्रामाच्या मृत्युनोंदवहीत २३ एप्रिल ही तारीख आहे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अशा नोंदी दफनाच्या दिवशी करीत. धर्मगुरूंनी आपले काम चोख केले. पुढच्यांनी दफनाचा दिवस तोच मृत्यूचा दिवस असे वाचले. म्हणजे ह्या प्रसिद्ध जोडीतील एक तारीख मुळातच एका दिवसाने पुढे सरकलेली आहे. ह्या दोघांबरोबर तिसरेही एक नाव घेतले जाते : इंका राजकुळातील मातेचा आणि स्पॅनिश सरदाराचा पुत्र, पेरूचा इतिहासकार इंका गार्सिलासो दे ला व्हेगा. तो स्पेनमधील कोर्दोबा येथे त्याच आठवड्यात निवर्तला. त्याच्या तारखेविषयी अभ्यासकांत एक-दोन दिवसांचा मतभेद आहे. युनेस्कोने १९९५ मध्ये २३ एप्रिल हा जागतिक ग्रंथदिन म्हणून जाहीर केला, तो ह्या तिघांना एकत्र गुंफूनच.

परंतु एका दिवसाची चूक सोडून द्यावी. खरा फरक त्याहून मोठा आहे. ज्या शनिवारी माद्रिदमध्ये सर्व्हांतेसवर माती लोटली गेली, त्या शनिवारी स्ट्रॅटफर्डमध्ये २३ एप्रिल नव्हता. तेथे १३ एप्रिल होता. शेक्सपिअर त्यानंतर आणखी दहा दिवस जगला. त्याने डोळे मिटले तो मंगळवार होता, आणि त्या मंगळवारी माद्रिदमध्ये ३ मे उजाडला होता. तेथील चर्चमध्ये त्या दिवशी पवित्र क्रूसाच्या शोधाचा सण साजरा होत होता. इंग्लंडमध्ये मात्र त्याच दिवशी संत जॉर्जचा दिवस होता. दिवस एक, तारखा दोन. आणि उलट, तारीख एक, दिवस दोन. त्या वर्षीचा ईस्टरही दोन्ही देशांत एका आठवड्याच्या अंतराने झाला : स्पेनमध्ये आधी, इंग्लंडमध्ये नंतर.

असे का झाले?

ज्यूलियस सीझरने रोमन साम्राज्याला जी दिनदर्शिका घालून दिली, तिच्यात वर्ष ३६५ दिवस आणि ६ तासांचे धरले होते. म्हणून दर चार वर्षांनी एक दिवस जास्त. प्रत्यक्षात ऋतूंचे वर्ष ह्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. अकरा मिनिटे म्हणजे काहीच नाही. परंतु १२८ वर्षांत ह्या मिनिटांचा एक पूर्ण दिवस होतो, आणि शतके लोटली की दिनदर्शिका आणि सूर्य ह्यांची फारकत होऊ लागते.

शेतकऱ्याला वा व्यापाऱ्याला ह्याची फारशी झळ लागली नसती. झळ लागली ती ख्रिस्तसभेला, कारण तिचा सर्वांत मोठा सण आकाशाकडे पाहून ठरतो. प्रभू येशूच्या पुनरुत्थानाचा सण वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणाऱ्या रविवारी साजरा करावयाचा असतो, आणि इ. स. ३२५ मध्ये भरलेल्या निसिया येथील विश्वपरिषदेच्या काळी वसंतसंपात २१ मार्चच्या सुमारास येत होता. सोळाव्या शतकात तो ११ मार्चवर येऊन ठेपला होता. दिनदर्शिका २१ मार्च म्हणत होती आणि सूर्य त्याच्या दहा दिवस आधीच ती रेषा ओलांडून गेलेला असे. असेच चालू राहिले असते तर कालांतराने ईस्टर वसंतातून निसटून उन्हाळ्यात गेला असता. व्हॅटिकनमधील ‘वाऱ्यांचा मनोरा’ ह्या इमारतीत डोमिनिकन धर्मगुरू इग्नात्सिओ दान्ती ह्यांनी फरशीवर एक रेषा आखली होती. भिंतीतील छिद्रातून येणारा सूर्याचा कवडसा त्या रेषेवर पडे, आणि दिनदर्शिकेची चूक डोळ्यांनी पाहता येई.

पोप ग्रेगरी तेरावे ह्यांनी हे काम हाती घेतले. मूळ योजना कालाब्रिया प्रांतातील वैद्य अलोयसियस लिलियस ह्याची होती. तो १५७६ मध्येच वारला आणि त्याच्या भावाने ती रोममध्ये सादर केली. तिची छाननी, मांडणी आणि पुढे अनेक वर्षे तिचा बचाव केला तो येशूसंघीय गणिती ख्रिस्तोफर क्लाव्हियस ह्यांनी. २४ फेब्रुवारी १५८२ रोजी पोप महोदयांचे आज्ञापत्र निघाले. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली पुढच्या काळासाठी : ज्या शतकवर्षाला ४०० ने भाग जात नाही, ते लीप वर्ष धरू नये. म्हणून १६०० आणि २००० ही लीप वर्षे झाली. १७००, १८०० आणि १९०० झाली नाहीत. दुसरी गोष्ट मागे साचलेल्या चुकीसाठी : दहा दिवस गाळून टाकावे. गुरुवार, ४ ऑक्टोबर १५८२ ह्याच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार, १५ ऑक्टोबर यावा. वाराचा क्रम मोडला नाही, रविवार जागच्या जागी राहिला, फक्त तारखा उडाल्या. त्या दहा तारखांत मोठे सण नव्हते, म्हणून त्या निवडल्या.

नेमक्या त्या रात्री स्पेनमधील आल्बा दे तोर्मेस ह्या गावी कार्मेल संघाच्या मठात एक वृद्ध भगिनी मरणशय्येवर होती. मठांची स्थापना करीत, खडतर रस्त्यांवरून गाड्यांतून फिरत तिने उतारवय घालविले होते, आणि ह्या शेवटच्या प्रवासातही ती आजारी अवस्थेतच तेथे पोहोचली होती. ४ ऑक्टोबरच्या रात्री, संत फ्रान्सिसच्या सणाच्या दिवशी, वयाच्या ६७ व्या वर्षी आविलाच्या संत तेरेजाने प्राण सोडला. सकाळ झाली तेव्हा १५ ऑक्टोबर होता. त्याच दिवशी तिचे दफन झाले. केवळ कागद पाहणारा म्हणेल की ह्या मातेचे पार्थिव अकरा दिवस ठेवले होते. प्रत्यक्षात मध्ये एकच रात्र गेली. आपण तिचा सण १५ ऑक्टोबरला करतो तो ह्याच कारणाने. ५ ते १४ ऑक्टोबर १५८२ ह्या तारखांना स्पेन, पोर्तुगाल, पोलंड आणि इटलीतील बहुतेक राज्यांत कोणी जन्मले नाही आणि कोणी मेलेही नाही, कारण त्या तारखाच नव्हत्या.

कॅथलिक देशांनी नवी दिनदर्शिका लवकरच स्वीकारली. फ्रान्सने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये. प्रोटेस्टंट देशांची अडचण गणिताची नव्हती. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ राणीच्या दरबारातील जॉन डी ह्या गणितज्ञाने सुधारणा योग्यच असल्याचे सांगितले होते. परंतु तेथील बिशपांनी विरोध केला, कारण ती रोमहून आली होती. १५७० मध्ये पोप पायस पाचवे ह्यांनी राणीला धर्मबहिष्कृत केले होते, ती जखम ताजी होती. आम्हांस ह्यात एकाच बाजूला दोष द्यावयाचा नाही. ज्या रोमने राणीला बहिष्कृत केले, त्याच रोमकडून तारीख विचारून घ्यावी ही अपेक्षा त्या काळी फारच मोठी होती. तरीही परिणाम व्हावयाचा तो झालाच. एकाच प्रभूचे पुनरुत्थान साजरे करणारे लोक कित्येक वर्षी वेगवेगळ्या रविवारी चर्चला जाऊ लागले. इंग्लंड १७५२ मध्ये वळले. तोवर अंतर अकरा दिवसांचे झाले होते, म्हणून तेथे २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. रशियाने १९१८ मध्ये आणि ग्रीसने १९२३ मध्ये हा बदल केला. ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभांपैकी बहुतेक सभा पुनरुत्थानाचा सण आजही जुन्याच गणिताने ठरवितात. २०२४ मध्ये आपला ईस्टर ३१ मार्चला झाला आणि त्यांचा ५ मे रोजी. २०२५ मध्ये, निसियाच्या विश्वपरिषदेला १७०० वर्षे पूर्ण होत असताना, दोघांचा ईस्टर २० एप्रिलला एकत्र आला. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ मध्येच म्हटले होते की इतर ख्रिस्ती बंधूंची संमती असेल तर सणासाठी एखादा ठरावीक रविवार नेमण्यास आपली हरकत नाही. ती संमती अद्याप झालेली नाही.

जाता जाता आणखी एक उदाहरण. गॅलिलिओ ज्या वर्षी वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला, असे विज्ञानाची पुस्तके कौतुकाने सांगतात. गॅलिलिओचे निधन ८ जानेवारी १६४२ रोजी इटलीत झाले, न्यूटनचा जन्म इंग्लंडमध्ये १६४२ च्या नाताळात. परंतु तो जुन्या दिनदर्शिकेचा नाताळ. इटलीत तेव्हा १६४३ चा जानेवारी लागला होता.

वसई आणि मुंबई : दहा दिवसांची खाडी

आता आपल्या घराकडे वळू. वसई, साष्टी आणि गोवा येथे पोर्तुगिजांची सत्ता असल्यामुळे येथील चर्च आणि सरकार दोन्ही नव्या दिनदर्शिकेने चालत. १६६५ मध्ये मुंबई बेट इंग्रजांच्या ताब्यात गेले, आणि इंग्रज आपली जुनी दिनदर्शिका बरोबर घेऊन आले. म्हणजे माहीमची खाडी ही पुढे सत्तर-एक वर्षे केवळ पाण्याची सीमा नव्हती, तारखांचीही होती. वांद्र्याच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी २० तारीख घालून लिहिलेले पत्र होडीने पलीकडे माहीमला गेले, तर तेथील इंग्रज अंमलदाराच्या दप्तरात त्या दिवशी १० तारीख असावयाची. मुंबई बेटावरील कॅथलिक भाविकांची स्थिती तर आणखी चमत्कारिक. त्यांचे धर्मगुरू गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखाली होते आणि राज्य इंग्रजांचे. चर्चमध्ये नाताळची घंटा वाजली तेव्हा किल्ल्यातील साहेबांच्या वहीत डिसेंबरचा मध्य असे. १७३० च्या दशकात मराठ्यांनी साष्टी आणि वसई जिंकून घेतली तेव्हा हा प्रकार थांबला. मराठ्यांच्या दप्तरात तर तिसरीच गणना होती, तिथीची.

आणि ह्यामुळेच मराठी माणसाला हा विषय परका नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचे निधन चैत्र शुद्ध पौर्णिमेस, शके १६०२ मध्ये झाले. इंग्रजी तारीख ३ एप्रिल १६८० अशी छापली जाते, परंतु ही ‘इंग्रजी तारीख’ खरोखरच इंग्रजांची, म्हणजे जुन्या दिनदर्शिकेची आहे. त्याच दिवशी गोव्यात आणि वसईत १३ एप्रिल होता. १९ फेब्रुवारी १६३० ह्या जन्मतारखेचे आणि ६ जून १६७४ ह्या राज्याभिषेकाच्या तारखेचेही तसेच आहे. राज्याभिषेकास इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता, तो आपल्या हिशोबाने तारीख लिहीत होता. वसईचा पोर्तुगीज तीच घटना १६ जूनला घडली असे म्हणाला असता. तिथी की तारीख, हा वाद महाराष्ट्रात जोमाने चालतो. तारीख म्हणजे कोणती तारीख, हे मात्र त्यात क्वचितच विचारले जाते.

१६१६ ह्या सालाचे आपल्याशी आणखी एक नाते आहे, आणि तेही इंग्लंडमार्गेच येते. त्या वर्षी गोव्यात रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. स्टीफन्स हे इंग्रज, विल्टशरमध्ये जन्मलेले, शेक्सपिअरहून वयाने पंधरा वर्षांनी मोठे. येशूसंघात प्रवेश करून ते १५७९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्याला आले आणि परत कधी मायदेशी गेले नाहीत. मराठीत ओवीबद्ध ग्रंथ रचणारा हा इंग्रज धर्मगुरू आपले दिवस नव्या दिनदर्शिकेने मोजत होता. त्याच्या जन्मगावचे लोक जुन्या. शेक्सपिअर स्ट्रॅटफर्डला निवर्तला, तेव्हा त्याच्या ह्या देशबंधूच्या वहीत मे महिना सुरू झाला होता. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. आपल्या मराठीच्या दृष्टीने १६१६ ची खरी आठवण ती आहे, आणि ग्रंथदिनाच्या फलकावर आम्हांस तिचा उल्लेख अजून एकदाही दिसलेला नाही.

मृत्यूचा दिवस, जन्माचा दिवस

एकाच दिवशी अनेक थोर माणसे गेल्याचे कौतुक लोकांना वाटते, ते का? जगात दररोज दीड लाखांहून अधिक माणसे मरण पावतात. त्यांत दोन नामवंत असणे हे गणिताच्या दृष्टीने नवल नव्हे. अमेरिकेचे दोन माजी अध्यक्ष, जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन, ४ जुलै १८२६ रोजी, आपल्या देशाच्या स्वातंत्र्यघोषणेला बरोबर ५० वर्षे होत असताना गेले. तो योगायोग अस्सल आहे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेचे पहिले कॅथलिक अध्यक्ष जॉन केनेडी ह्यांची हत्या झाली. त्याच दिवशी ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस आणि कादंबरीकार अल्डस हक्सली हेही वारले, आणि त्या गदारोळात दोघांच्या मृत्यूकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही.

ख्रिस्तसभा मात्र फार पूर्वीपासून माणसांना मृत्यूच्या दिवसाने ओळखत आली आहे. दुसऱ्या शतकात स्मिर्ना येथे बिशप पॉलिकार्प हुतात्मा झाले, तेव्हा तेथील भाविकांनी त्यांच्या मरणाचा दिवस दरवर्षी ‘जन्मदिवस’ म्हणून पाळण्याचे ठरविले. सार्वकालिक जीवनात जन्म, असा त्याचा अर्थ. त्यातूनच हुतात्म्यांच्या आणि संतांच्या नावांची तारीखवार यादी तयार होत गेली. ह्या यादीची रोमची अधिकृत आवृत्ती निघाली तीही पोप ग्रेगरी तेरावे ह्यांच्याच काळात, दिनदर्शिका सुधारल्यावर दोनच वर्षांनी, १५८४ मध्ये. आधी पाने सरळ केली, मग त्यांवर नावे लिहिली. त्यात २३ एप्रिलच्या पानावर तिसऱ्या-चौथ्या शतकाच्या संधीवरील संत जॉर्ज आणि ९९७ मध्ये हुतात्मा झालेला प्रागचा बिशप संत आदाल्बर्ट शेजारी शेजारी आहेत. मध्ये जवळजवळ सात शतके गेली.

ह्या बाबतीत संत ऑगस्टीनचे एक प्रवचन आम्हांस नेहमी आठवते. २९ जूनला आपण पेत्र आणि पौल ह्या दोघा प्रेषितांचा सण एकत्र करतो. त्या दिवशी प्रवचन करताना ऑगस्टीनने लोकांना मोकळेपणाने सांगितले की हे दोघे वेगवेगळ्या दिवशी हुतात्मा झाले. परंतु ते एक होते, म्हणून त्यांचा दिवसही एक. सोळाशे वर्षांपूर्वीच्या ह्या बिशपने तारखेविषयी खोटे सांगितले नाही आणि सणही मोडला नाही.

युवक मंडळाच्या वादाचा निकाल आम्ही लेखी पाठविला : दोन्ही गटांना अर्धे अर्धे गुण द्यावेत. तो कोणालाच आवडला नाही, असे कळते.

हा मजकूर लिहीत असताना आम्हांस एक जुना प्रसंग राहून राहून आठवत होता. माद्रिदच्या त्या नोंदवहीमुळेच तो आठवला असावा. धर्मग्रामात मृत्युनोंदवही ठेवण्याचा दंडक १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने घालून दिला, सर्व्हांतेसच्या मृत्यूच्या दोनच वर्षे आधी. आजचा धर्मसभेचा कायदाही दफन झाल्यावर नोंद करावी असे सांगतो. आमच्या पाहण्यातील काही जुन्या वह्यांत फक्त दफनाची तारीख सापडते. आम्ही एका धर्मग्रामात प्रमुख धर्मगुरू असताना एक वृद्ध भगिनी कार्यालयात आली. नातवाच्या कुठल्याशा कामासाठी तिने पतीच्या मृत्यूचा सरकारी दाखला काढला होता. त्यावर एक तारीख होती. आणि गेली चाळीस वर्षे ती ज्या तारखेला पतीसाठी मिस्सा लावत आली होती, ती तारीख त्याच्या पुढच्या दिवसाची होती. आम्ही वही काढून पाहिली. त्यात दफनाची नोंद होती, आणि तिने लक्षात ठेवली होती तीच तारीख. पावसाळ्याची रात्र होती, ती म्हणाली, माणूस गेला तेव्हा घरात दिवा नव्हता, घड्याळ कोण पाहणार! सकाळी फादर आले, दुपारी माती दिली, तोच दिवस मनात राहिला.

“मग फादर, इतकी वर्षे मी चुकीच्या दिवशीच मिस्सा लावली काय?”

आम्ही तिला संत तेरेजाची गोष्ट सांगितली. एक रात्र आणि अकरा तारखा. ती तिला कितपत पटली ते सांगता येत नाही. तिने ती शांतपणे ऐकून घेतली. मग कनवटीची पुरचुंडी सोडली, दोन मिस्सांची देणगी टेबलावर ठेवली आणि दोन्ही दिवस लिहून घ्यायला सांगितले.